पडद्यावरची अक्षरं (भाग ४) : वेलांटी, उकार आणि मधली जागा

‘मूर्तींच्या’ हा शब्द नीट पाहा. ‘त’च्या माथ्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच जागी दाटले आहेत, तर शेजारच्या ‘म’ला खाली दीर्घ ऊकार आहे. वरच्या ओळीत नेमका ‘कुटुंबातून’ आला, की वरचे उकार आणि खालचा रफार यांची टक्कर ठरलेली. खिळ्यांच्या छपाईत दोन ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालून ही जागा राखत. वेबपानावर ते काम ‘लाइन-हाइट’चं आहे, आणि मराठी पानं सर्वांत जास्त फसतात ती इथेच.

काही सांगितलं नाही, तर ब्राउझर ओळीची उंची फॉन्टच्या मापांवरून ठरवतो. अडचण होते ती पानाचा साचा रोमन मजकुरावर बेतलेला असतो तेव्हा. त्यात १.२ किंवा १.३ पट उंची लिहून ठेवलेली असते आणि मराठी मजकूर त्यातच ओतला जातो. रोमन लिपीत काही अक्षरं वर-खाली डोकावतात, एवढंच. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वरचा आणि अक्षराखालचा असे दोन्ही मजले कायम भाड्याने गेलेले असतात. वेबसाइट सर्वांना वापरता यावी म्हणून केलेली ‘डब्ल्यूसीएजी’ ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की वाचकाने ओळीची उंची अक्षराच्या दीडपट केली तरी मजकूर कापला जाता कामा नये. मराठीसाठी दीडपट ही किमान पातळी धरावी. सलग वाचायच्या मजकुराला १.६ ते १.८ शोभते.

हा आकडा पिक्सेलमध्ये लिहू नये. ‘२४ पिक्सेल’ लिहिलं, तर तेच माप पानभर वारशाने उतरतं आणि ३२ पिक्सेलच्या दोन ओळींच्या मथळ्यात अक्षरं एकमेकांवर चढतात. नुसतं ‘१.६’ लिहिलं, तर प्रत्येक आकाराचा हिशेब वेगळा होतो. बटणांची उंची तोकडी ठेवून बाहेरचा भाग लपवण्याची सवयही घातक. ‘नोंदणी’ची वेलांटी छाटली जाते ती त्यामुळेच.

आता ‘लेटर-स्पेसिंग’. इंग्रजी मथळ्यातली कॅपिटल अक्षरं जरा विरळ केली की देखणी दिसतात. तोच नियम ‘महाराष्ट्र’ला लावला, की शिरोरेषेचे तुकडे पडतात. मराठीत ही किंमत शून्य ठेवावी, वाद नको.

ओळीच्या लांबीचं प्रकरण जरा फसवं आहे. सीएसएसमधलं ‘सीएच’ हे एकक फॉन्टमधल्या रोमन शून्याच्या रुंदीवर मोजलं जातं. त्यामुळे ‘६५ सीएच’ म्हणजे पासष्ट मराठी अक्षरं नव्हेत. खरा परिच्छेद ओतून डोळ्यांनी पाहणं, हाच इथे भरवशाचा उपाय.

शब्दावर जोर द्यायचा असेल तर? बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये तिरकी अक्षरं आखलेलीच नसतात. ब्राउझर सरळ अक्षरांनाच कलतं करतो आणि ती पडायला आल्यासारखी दिसतात. त्यापेक्षा ठळक अक्षर बरं. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ सात वजनांत मिळतो, त्यात हवा तेवढा जोर देता येतो. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा मात्र खास आखलेल्या तिरक्या अक्षरांसह येतो. त्याच्या हिंदी आणि संस्कृत आवृत्त्या वेगळ्या आहेत, आणि तसं असायला कारण आहे.

राज्य सरकारच्या २००९ च्या शासननिर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ प्रमाण मानला. काही फॉन्टमध्ये मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणं असतात. कोणतं दाखवायचं, हे पानाच्या ‘लँग’ या खुणेवरून ठरतं. तिथे हिंदीचा ‘एचआय’ राहून गेला, तर मजकूर अस्सल मराठी असूनही ‘ल’ हिंदी वळणाचा उमटतो. ‘एमआर’ ही दोन अक्षरं लिहिली की काम होतं. अशा फॉन्टची परीक्षा घ्यायला ‘शाल’ हा शब्द पुरतो. त्याच्या जोडीला ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ही टंकून पाहावेत. पहिल्यात अर्धा ‘र’ आडवा, दुसऱ्यात रफार डोक्यावर दिसायला हवा. दोन्ही सारखेच दिसले, तर तो फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही.

(पुढील भागात : फॉन्ट फाइलचा आकार आणि मोबाइलवर पान उघडायला लागणारा वेळ)