शेत सुटलं, सूर नाही! उतारवयात जुनं ध्येय सोडावं कसं?

विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली-बायका भुलाबाईची गाणी म्हणतात. बीबीसारख्या (ता. लोणार) गावात ज्येष्ठांनाही या परंपरेत रमता येईल.

फायदा काय?
भुलाबाई-भुलोजीच्या मातीच्या मूर्ती, टाळ्यांवर गाणी, झाकलेली खिरापत ओळखणं... हात, आवाज, आठवण तिन्हींना काम मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ३ हजारांहून अधिक अभ्यास तपासले. कलेचा आरोग्याला उपयोग होतो, असं त्यातून दिसलं.

ध्येय सोडणं म्हणजे हार?
नाही. शेत कसणं झेपेना, तरी मन बांधावरच अडकतं. मानसशास्त्रज्ञ कार्स्टन व्रॉश आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या संशोधनात, अशक्य ध्येय सोडून नव्याकडे वळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य चांगलं आढळलं. नुसतं सोडून भागत नाही, हाती नवं काही हवं. १९४१ च्या शस्त्रक्रियेनंतर चित्रकार आंरी मातीस यांना उभं राहून रंगवणं कठीण झालं. त्यांनी रंगीत कागद कात्रीने कापून चित्रं घडवली.

घरच्यांनी काय करावं?
- बसायला खुर्ची द्या, स्पर्धा ठेवू नका.
- गाणी आजीकडून शिका. आजोबांच्या हाती टाळ द्या.
- उदासी हटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.