विश्लेषण : गणपतीत दिलेले रक्त दिवाळीला का पुरत नाही?

गणेशोत्सव ते दिवाळी या दोन महिन्यांत नागपुरात रोटरी, लायन्ससारखे सेवा क्लब, गणेश मंडळे आणि महाविद्यालयांची एनएसएस पथके एकामागून एक रक्तदान शिबिरे घेतात. तरीही दिवाळीच्या आसपास ‘तातडीने दाता हवा’चे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतातच. शिबिरे कमी पडतात म्हणून असे होत नाही. गोंधळ तारखांचा आहे.

पिशवीतले रक्त किती दिवस टिकते?

दात्याकडून 350 किंवा 450 मिलिलिटर रक्त घेतले जाते. रक्तपेढीत त्याचे घटक वेगळे केले जातात. लाल पेशी 2 ते 6 अंश सेल्सिअसला साठवल्या तर पिशवीतल्या द्रावणानुसार 35 किंवा 42 दिवस टिकतात. प्लाझ्मा गोठवून वर्षभर ठेवता येतो. प्लेटलेट मात्र सतत हलवत ठेवाव्या लागतात आणि त्या 5 दिवसांत संपतात. थोडक्यात, एकाच दिवशी 300 पिशव्या जमल्या तरी त्यातल्या प्लेटलेट पुढच्या आठवड्यातल्या डेंग्यूच्या रुग्णाला उपयोगी नाहीत.

कॅलेंडर काय सांगते?

2025 मध्ये अनंत चतुर्दशी 6 सप्टेंबरला होती. त्या दिवशीच्या शिबिरातल्या लाल पेशींची 42 दिवसांची मुदत 18 ऑक्टोबरला संपली, आणि 18 ऑक्टोबरला धनत्रयोदशी होती. 2026 मध्ये अनंत चतुर्दशी 25 सप्टेंबरला आणि धनत्रयोदशी 6 नोव्हेंबरला. अंतर पुन्हा 42 दिवसांचेच. हा योगायोग नाही. दोन्ही सण तिथीवर चालतात, त्यामुळे मध्ये अधिक अश्विन आला नाही तर हे गणित दरवर्षी जवळपास असेच येते. 2020 मध्ये अधिक अश्विन होता, तेव्हा अंतर महिनाभराने वाढले.

दुसरी अडचण दात्याची. पुरुषाला दोन रक्तदानांत 90 दिवस, स्त्रीला 120 दिवस थांबावे लागते. 6 सप्टेंबरला रक्त दिलेला तरुण 5 डिसेंबरपर्यंत पुन्हा देऊ शकत नव्हता. म्हणजे दिवाळीत पिशवीही नाही आणि दाताही नाही.

मध्ये नवरात्र येते. उपवास सुरू असताना रक्त देता येत नाही आणि कोराडीला जाणाऱ्या या शहरात नऊ दिवस उपवास धरणारे कमी नाहीत. 1 ऑक्टोबर हा राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिन. 2025 मध्ये तो नेमका नवरात्राच्या शेवटच्या दिवशी आला. त्यानंतर दिवाळीच्या सुट्या लागल्या की वसतिगृहे रिकामी होतात आणि शिबिरांचा भरवशाचा दाता, म्हणजे विद्यार्थी, गावी जातो.

नागपुरात हा प्रश्न अधिक गंभीर का?

मेडिकल, मेयो, सुपर स्पेशालिटी, डागा, मिहानमधले एम्स : या रुग्णालयांत फक्त शहरातले रुग्ण येत नाहीत. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियापासून ते शेजारच्या मध्य प्रदेश, छत्तीसगडमधूनही येतात. पूर्व विदर्भ सिकलसेलचा पट्टा आहे. सिकलसेलच्या प्रत्येक रुग्णाला नियमित रक्त लागत नाही, पण प्रकृती बिघडली की अचानक लागते. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलांचे तसे नाही. त्यांना साधारण दर 2 ते 4 आठवड्यांनी, आयुष्यभर रक्त लागते. त्या मुलाची तारीख लक्ष्मीपूजनाला आली तर ती पुढे ढकलता येत नाही. या रुग्णांना रक्त विनाशुल्क आणि बदली दाता न मागता द्यावे, असे सरकारी धोरण आहे. पण फ्रीजमध्ये त्या गटाची पिशवीच नसेल तर धोरण काय करणार? पालक मग फोन लावत बसतात.

त्यात पावसाळा सरताना डेंग्यू वाढतो आणि प्लेटलेटची मागणी याच काळात चढते.

क्लब शिबिरे एकाच वेळी का घेतात?

रोटरी आणि लायन्स या दोन्ही संघटनांचे वर्ष 1 जुलैला सुरू होते. नवे अध्यक्ष, नवी कार्यकारिणी येते आणि पुढच्या चार महिन्यांत स्वातंत्र्यदिन, गणेशोत्सव, गांधी जयंती, दिवाळी. उपक्रम याच तारखांना बांधले जातात. लोक जमलेले असतात, मंडप असतो, पाहुणे मिळतात. ‘महारक्तदान’चा फलकही शोभून दिसतो. यात गैर काही नाही. पण पिशव्यांचा आकडा हेच यश मानले तर रक्तपेढीला एका आठवड्यात जास्त आणि पुढच्या महिन्यात कमी रक्त मिळते. मुदत संपलेली पिशवी नष्ट करावी लागते. ज्याने सुई टोचून घेतली त्याला हे बहुधा कळतही नाही.

मग काय करता येईल?

तारीख ठरवण्याआधी रक्तपेढीला विचारायचे, कोणत्या आठवड्यात किती हवे आणि कोणता गट. 300 पिशव्यांच्या एका शिबिराऐवजी 30 पिशव्यांची दहा शिबिरे, त्यातली काही दसरा ते दिवाळी या पट्ट्यात. दिवाळीत फराळ आणि कपडे वाटणाऱ्या क्लबांकडे सदस्यांची यादी तयारच असते. तिचे चार गट पाडून एक गट दिवाळीसाठी राखून ठेवायला खर्च येत नाही. गणपतीच्या शिबिरात त्या गटाने फक्त खुर्च्या लावायच्या, रक्त द्यायचे नाही. उत्साही सदस्याला हे पटवणे मात्र सोपे नाही.

दात्यांनी काय लक्षात ठेवावे?

वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन किमान 12.5. रक्ताच्या बदल्यात पैसे घेणे बेकायदा आहे. कोणत्या रक्तपेढीत कोणता गट शिल्लक आहे, हे सरकारच्या ई-रक्तकोष पोर्टलवर पाहता येते. मागच्या वेळी रक्त दिल्याची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून 90 किंवा 120 दिवसांनंतरचे रिमाइंडर लावून ठेवावे.