बन आधी, बर्गर मागून

बर्गरचा विषय निघाला की सगळे पॅटीवर बोलतात. मांस कोणतं, मसाला किती, चीज कुठलं. बनबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, तो बेकरीतून आणायचा हे गृहीतच असतं. मला हे अजिबात पटत नाही. बर्गर घरी करायचा तर आधी बन घरी करावा.

इतिहास थोडक्यात सांगते. हाम्बुर्ग शहराचं नाव लावून खिम्याचा हा प्रकार एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रुजला. तो पावात पहिल्यांदा कुणी घातला यावर तिथली गावं अजून भांडतात. कॅन्सस राज्यातल्या विचिटात वॉल्टर अँडरसननं बिली इंग्रॅमबरोबर १९२१ साली ‘व्हाइट कॅसल’ काढलं आणि पाच सेंटला एक बर्गर विकून तो घराघरांत नेला.

दावेदारांपैकी न्यू हेवनच्या ‘लुईज लंच’मध्ये मी मुद्दाम जाऊन आले. १९०० सालापासूनचा दावा सांगणारं हे इवलंसं दुकान. जुन्या बिडाच्या उभ्या भट्टीत मांस दोन्ही बाजूंनी एकदम भाजतात, सोबत चीज, कांदा, टोमॅटो. केचप मागायचं नाही. आणि बनही नाही! साध्या पावाच्या टोस्टमध्ये बर्गर येतो, आणि झकास लागतो. पण पाव काय काम करतो ते मला तिथेच नीट उमगलं. टोस्ट रस अडवतो, बन रस पितो. पिऊनही ज्याचा लगदा होत नाही, तो चांगला बन.

त्यासाठी पूर्व आशियातली तांगझोंगची रीत मला सगळ्यांत आवडते. २५ ग्रॅम मैदा १२५ ग्रॅम दुधात कालवून मंद आचेवर सतत ढवळायचा. साधारण ६५ अंशांना मैद्यातला स्टार्च फुगतो, पाणी धरून ठेवतो आणि भांड्यात चकचकीत खळ तयार होते. चमचा फिरवला की तळाशी रेघ उमटून राहिली पाहिजे. ती गार करून ४७५ ग्रॅम मैदा, १९० ग्रॅम दूध, एक अंडं, ४० ग्रॅम साखर, ९ ग्रॅम मीठ आणि ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्टमध्ये मिसळायची. खळीनं पाणी आधीच बांधून ठेवलेलं असल्यामुळे पीठ ओलसर असूनही आवरतं, आणि बन दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो.

लोणी मात्र लगेच घालू नये. स्निग्धपणामुळे ग्लुटेनचे धागे जुळायला वेळ लागतो. आधी पीठ चांगलं तिंबून घ्यावं, मग ६० ग्रॅम मऊ लोणी थोडं थोडं जिरवावं. सुरुवातीला पीठ बिघडल्यासारखं घसरतं, तरी मळत राहावं. ते पुन्हा एकजीव होतं. लहानसा गोळा बोटांनी ताणून पाहा. पातळ पडदा फाटला नाही आणि त्यातून पलीकडचा उजेड दिसला, की झालं.

पीठ दुप्पट फुगलं की ८० ग्रॅमचे उंडे वळून जरा चपटे करायचे. पुन्हा फुगल्यावर अंड्याचा हात फिरवून १९० अंशांवर पंधरा-अठरा मिनिटं भाजायचे. थंडीत फुगायला वेळ लागतो, घाई करू नये. (गोव्यातला सॉसेज घातलेला चोरिस-पाव माझ्या लेखी बर्गरचा सख्खा भाऊ आहे. तिथल्या पोदेरांकडे, म्हणजे पाववाल्यांकडे, पूर्वी माडाच्या सुरेवर पीठ फुगवत, त्या पावाची चव यीस्टला येत नाही.)

आता पॅटी. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, म्हणून मी मटणाचा खिमा घेते. खाटकाला खांद्याचं मांस, पाचवा हिस्सा चरबी ठेवून, जाडसर काढायला सांगते. मीठ खिम्यात मळू नये; त्यानं प्रथिनं चिकटून पॅटी सॉसेजसारखी घट्ट होते. तव्यावर टाकण्याआधी वरून भुरभुरावं. मध्यभागी अंगठ्यानं खळगा करावा, म्हणजे पॅटी फुगून घुमटासारखी होत नाही. बिडाचा तवा कडक तापवावा, आणि आतून ७१ अंश होईपर्यंत भाजावं. खिमा करताना पृष्ठभागावरचे जंतू आतपर्यंत मिसळतात, त्यामुळे इथे कच्चेपणा नको.

बन आडवा कापून लोण्यावर भाजला की जुळणी तुमच्या मर्जीची. उरलेले बन फ्रिजमध्ये नव्हे, फ्रीझरमध्ये ठेवा. फ्रिजच्या थंडीत पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो.