कतारगाममधला ‘मझल’

कतारगामला हिऱ्याच्या एका कारखान्यात मी हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवत होतो. शेठ फोनवर अँटवर्पच्या व्यापाऱ्याशी गुजरातीत बोलत होते. भाव ठरला आणि शेवटी ते म्हणाले, “मझल!” मी विचारलं, तर हसून म्हणाले, “हिब्रू शब्द छे, भाई. एटले सोदो पाको.”

पूर्ण शब्द ‘मझल उ-ब्राखा’, म्हणजे नशीब आणि आशीर्वाद. तो उच्चारला की सही नसली तरी सौदा मोडायचा नाही, असा जगभरच्या हिरेबाजाराचा रिवाज.

ज्यू लोक हिऱ्यांकडे वळले ते नाइलाजाने. युरोपात बहुतेक ठिकाणी कारागिरांच्या संघांत फक्त ख्रिश्चनांना प्रवेश असे. स्पेनने तर १४९२ साली ज्यूंना देशाबाहेरच काढलं. पुढे अ‍ॅमस्टरडॅममध्ये आलेल्या ज्यूंना हिरे घासण्याचा धंदा मोकळा मिळाला, कारण त्याला असा संघ नव्हता. शिवाय पळायची वेळ आली तर हिरा खिशात मावतो. मग त्याच धंद्यावरून ‘हे लोक लोभीच’ असा शिक्का बसला.

आपल्या कोकणात अलिबागकडचे बेने इस्रायल तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत. लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. नाव धंद्यावरूनच पडलं, पण त्यापायी कोणी त्यांच्या जिवावर उठलं नाही.

युरोपात पूर्वी धर्म बदलला तर ज्यूची निदान कागदोपत्री सुटका होई. एकोणिसाव्या शतकात मात्र दोष रक्तातच आहे असं ‘शास्त्र’ निघालं. १८७९ च्या सुमारास जर्मन पत्रकार विल्हेल्म मार याने ‘अँटिसेमिटिझम’ हा शब्द रूढ केला. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी आजी-आजोबा मोजले: चारपैकी तीन ज्यू असले, की माणूस ज्यू. मग त्याचा स्वतःचा धर्म कोणताही असो.

अँटवर्पमध्ये १४ एप्रिल १९४१ रोजी जमावाने सिनेगॉग पेटवली. पुढच्या वर्षी धरपकड झाली, तिच्यात शहराचे पोलीसही सामील होते. बेल्जियममधून सुमारे २५,००० ज्यूंना मेखेलेनच्या छावणीतून गाड्यांत भरून नेलं. बहुतेक सगळे आउशवित्झला. परतले फार थोडे.

१९६० नंतर पालनपुरी जैन व्यापारी अँटवर्पला जाऊन ज्यू व्यापाऱ्यांच्या शेजारी बसले. ‘मझल’ आपल्याकडे आला तो अशा शेजारातून.

हे सगळं मी वाचून काढलं, त्याला कारण झालं एक साधं काम. त्याच कारखान्यात एक खडा गहाळ झाला. मॅनेजर म्हणाले, “कारागिरांच्या यादीत ‘मूळ गाव’ असा रकाना टाका. कुठले लोक चोरी करतात ते कळेल.” काठियावाडी किती, खान्देशी किती, असा अहवाल त्यांना हवा होता. माझं स्वतःचं गाव अमळनेरजवळ.

मी म्हटलं, “खडा कोणत्या घंटीवर होता, कोणाच्या हातात होता, हे सॉफ्टवेअर सांगतंच. गाव कशाला?” ते नाराज झाले. रकाना मी घातलेला नाही. पुन्हा विचारतील, तेव्हाही हेच सांगेन.