हिशेबाच्या कामाची पहिली पात्रता कोणती?

महाराष्ट्रात हिशेबाच्या कामात शिरण्यासाठी चार वाटा नेहमीच्या आहेत: टॅलीचा वर्ग, कॉस्ट अकाउंटंट्स इन्स्टिट्यूटचा सीएटी, सीए फाउंडेशन आणि राज्य शासनाची सहकार व लेखा पदविका, म्हणजे जीडीसी अँड ए. जाहिरातींमुळे त्या एकसारख्या भासतात, पण त्यांतून मिळणाऱ्या गोष्टी निराळ्या आहेत. एकीने हातातले काम येते, दोघींनी पुढच्या परीक्षेची पायरी चढता येते, आणि सहीचा कायदेशीर हक्क फक्त एकीच्या आधारे मिळू शकतो.

टॅलीचा वर्ग काही महिन्यांत संपतो आणि दुकानात, कारखान्यात नोकरी लवकर लागते. 1 जुलै 2017 पासून जीएसटी आल्यावर अशा माणसांची गरज वाढली. मात्र टॅलीत तेरीज (ट्रायल बॅलन्स) आपोआप जुळते, आणि नवख्याचा घात तिथेच होतो. यंत्राची खरेदी मालाच्या खरेदीत टाकली, किंवा कर्जाचा सगळा हप्ता व्याजात दाखवला, तरी तेरीज जुळलेलीच राहते. नफ्याचा आकडा तेवढा खोटा निघतो. म्हणून नावे-जमेचे नियम वहीवर पक्के केल्याशिवाय नुसते सॉफ्टवेअर शिकण्यात अर्थ नाही.

सीएटी हा बारावीनंतरचा अभ्यासक्रम. तो पूर्ण करणाऱ्याला त्याच इन्स्टिट्यूटच्या सीएमए या मुख्य अभ्यासक्रमाची फाउंडेशन परीक्षा न देता इंटरमीजिएटला नोंदणी करता येते, हा त्याचा मोठा फायदा. नोकरी करता करता पुढे शिकू पाहणाऱ्याला तो सोयीचा आहे.

सीए फाउंडेशनचे चार पेपर असतात. नुसत्या या परीक्षेने कोणताही व्यावसायिक हक्क मिळत नाही; ती इंटरमीजिएटची प्रवेश परीक्षा आहे. वाणिज्य शाखेच्या पदवीला 55 टक्के किंवा अधिक गुण असतील तर थेट इंटरमीजिएटला प्रवेश मिळतो. तरीही कित्येक पदवीधर ठाऊक नसल्याने फाउंडेशनच्या शिकवणीत पैसे घालवतात.

जीडीसी अँड ए ची वाट सर्वांत कमी चर्चेतली, आणि खेड्यापाड्यातल्या पदवीधरासाठी सर्वांत मोलाची. सहकार खात्यातर्फे होणारी ही सहा पेपरांची परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते, तीही मराठीतून. जमाखर्च आणि लेखापरीक्षण यांच्याबरोबर सहकाराचा इतिहास, तत्त्वे आणि सहकार कायदा तिच्यात येतो.

तिचे खरे वजन महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 81 मध्ये आहे. पदवी, ही पदविका, संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचे कामापुरते ज्ञान असलेला माणूस ‘प्रमाणित लेखापरीक्षक’ होऊ शकतो. प्रत्येक संस्थेने मान्य नामतालिकेतून लेखापरीक्षक नेमायचा आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत लेखापरीक्षण करून घ्यायचे, असा नियम आहे. गृहनिर्माण संस्था, पतसंस्था, दूध संस्था आणि गावोगावच्या विकास सोसायट्या पाहिल्या की या कामाचा विस्तार कळतो. गावातल्या सभासदांची ठेव सुरक्षित आहे की नाही, हे लेखापरीक्षकाच्या अहवालावरून कळते. म्हणून तीन वर्षांचा अनुभव ही अट जाचक मानू नये. एखाद्या जाणत्या लेखापरीक्षकाच्या हाताखाली वह्या तपासतच हे काम अंगवळणी पडते.

या पदविकेची हद्द सहकारापुरती आहे. कंपनीचे वैधानिक लेखापरीक्षण आणि आयकर कायद्याखालचे ऑडिट सीएच करू शकतो.

तेव्हा बारावी झालेल्याने, मोठा अभ्यास झेपणार असेल तर सीए किंवा सीएमएची वाट धरावी. पदवी हाती असून गावाजवळ स्वतंत्र व्यवसाय करायचा असेल, तर जीडीसी अँड ए ला पर्याय नाही. कोणत्याही वर्गाचे शुल्क भरण्यापूर्वी मात्र एवढे जरूर विचारावे: या प्रमाणपत्राच्या बळावर कोणत्या कागदावर सही करता येईल?