अकोट परिसरातील ग्रामीण प्रार्थनामंदिरे आणि मेथॉडिस्ट परंपरा

प्रस्तावना
ग्रामीण प्रार्थनामंदिराचा इतिहास सामान्यतः कोनशिलेवरील वर्षापासून सांगितला जातो. मेथॉडिस्ट परंपरेत मात्र मंडळी आधी व इमारत नंतर, असा क्रम आढळतो. अकोट परिसरातील ख्रिस्ती कार्याचा उगम समजून घेण्यासाठी हा क्रम लक्षात घेणे आवश्यक ठरते.

मंडळीची रचना
जॉन वेस्ली यांनी १७३९ मध्ये ब्रिस्टल येथे सभागृह उभारले. त्याचे कर्ज फेडण्यासाठी १७४२ मध्ये सभासदांचे सुमारे बारा जणांचे गट करण्यात आले. गटप्रमुखाने प्रत्येकाकडून आठवड्याला एक पेनी जमा करावी, असे ठरले. वर्गणीच्या निमित्ताने त्यास घरोघरची सुखदुःखे कळू लागली आणि त्यातूनच ‘वर्गसभा’ ही संस्था आकारास आली.

वऱ्हाडातील प्रवेश
अमेरिकन मेथॉडिस्ट प्रचारक विल्यम टेलर १८७१ मध्ये मुंबईत आले. मंडळीने आपला खर्च स्वतः भागवावा, हे त्यांचे मुख्य तत्त्व होते. मुंबईतील ज्येष्ठ मिशनरी जॉर्ज बोवेन त्यांना सहकारी म्हणून लाभले. टेलर यांच्या कार्यात सहभागी झालेल्या आल्बर्ट नॉर्टन यांनी पुढे मेथॉडिस्ट सेवा सोडली व एलिचपूर (आजचे अचलपूर) येथून मेळघाटातील कोरकूंमध्ये स्वतंत्र कार्य आरंभिले. १८८० च्या दशकात मार्कस व जेनी फुलर या दांपत्याने अकोट येथे अशाच स्वतंत्र मिशनचे कार्य केले. नंतर ते ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्समध्ये सामील झाले. अशा रीतीने मेथॉडिस्ट वर्तुळात रुजलेला स्वावलंबनाचा विचार मेथॉडिस्ट नाव न लावताही वऱ्हाडात पोहोचला.

तत्त्वाची कसोटी
१८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत या विचाराची कसोटी लागली. ज्यांची मजुरीच बुडाली, त्यांच्याकडून वर्गणीची अपेक्षा करणे शक्य नव्हते. अनाथ मुलांच्या संगोपनासाठी परदेशी देणग्यांचा आधार घ्यावा लागला. स्वावलंबन हे केवळ श्रद्धेवर नव्हे, तर पीकपाण्यावरही अवलंबून असते, हे यावरून स्पष्ट होते.

समारोप
१९७० मध्ये उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली. अमेरिकन परंपरेतील मेथॉडिस्ट त्याबाहेर राहिले व १९८१ मध्ये ‘मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया’ स्वायत्त झाले. संघटनांची नावे अशी बदलत असल्याने केवळ फलकावरून मंदिराचा पूर्वेतिहास ठरविणे योग्य नाही. बाप्तिस्मा, विवाह व वर्गणीच्या नोंदवह्या हेच त्याचे अधिक विश्वसनीय साधन होय. अन्य दफ्तरांत क्वचितच आढळणारी भूमिहीन मजुरांची व स्त्रियांची नावे अशा वह्यांत सापडू शकतात. इमारत पुन्हा बांधता येते; वाळवीने खाल्लेली नोंदवही पुन्हा लिहिता येत नाही. म्हणूनच या वह्यांचे जतन हे स्थानिक इतिहासाचे तातडीचे कार्य आहे.