गालिचा, बोका आणि फिनेलची बाटली

ज्या घरात मांजर किंवा कुत्रं आहे त्या घरात गालिचा टिकत नाही, असं आपण नेहमी ऐकतो. माझ्या घरात दोन्ही आहेत. लग्नात वडिलांनी दिलेला भदोहीचा लोकरी गालिचा, आणि एका पावसाळ्यात गॅलरीतून आत शिरून कायमचा राहिलेला आमचा बोका गुंड्या. दोन्ही एका छपराखाली कसे नांदले, आणि त्यात माझी केवढी मोठी चूक झाली, ते आज सांगते.

गेल्या श्रावणात गुंड्यानं गालिच्यावर लघवी करायला सुरुवात केली. एकदा नव्हे, आठवड्यात चारदा! सासूबाईंनी नाकाला पदर लावला. आमचे हे म्हणाले, "उद्या याला मंडईत सोडून येतो." मी कंबर कसली, बादलीत फिनेल ओतलं आणि गालिचा खसाखसा पुसून काढला. वास गेला, मी खूश. दुसऱ्या दिवशी पाहते तर गुंड्या कोपऱ्यात लाळ गाळत बसलेला.

जनावरांच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, फिनेलवरून चालून त्यानं पंजे चाटले होते. फिनेलमधले काही घटक मांजराच्या शरीराला पचवून बाहेर टाकता येत नाहीत. दुसरी, त्याच्या मूत्राशयाला सूज होती. तो खोडी करत नव्हता हो, त्याला दुखत होतं! मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आधी डाग का पडला ते पाहा

शहाणं जनावर एकाएकी घर घाण करू लागलं, तर रागावण्याआधी डॉक्टरांना दाखवा. म्हाताऱ्या कुत्र्याला मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असू शकतो. बोका पुन्हा पुन्हा बसतो, कण्हतो आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर रात्र असली तरी थांबू नका. मार्ग पूर्ण तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. आजार नसेल तर त्याची मातीची पेटी पाहा. ती रोज साफ हवी, आणि जितकी मांजरं त्याहून एक पेटी जास्त. आणि नाक घासून शिक्षा करणं तर सोडूनच द्या. त्यातून ते इतकंच शिकतं, की तुम्हाला घाबरायचं आणि लपून करायचं.

ताजा डाग असा काढा

डाग दिसताच घासू नका, टिपा. जुन्या सुती धोतराची किंवा टॉवेलची घडी डागावर ठेवून वर उभ्या राहा. घडी ओली झाली की बदला. मग थंड पाण्यानं कडेकडून मधल्या बाजूला टिपत या. गरम पाणी नको, डाग आणि वास लोकरीत पक्का बसतो. नंतर एक वाटी पांढरं व्हिनेगर आणि तीन वाट्या पाणी एकत्र करून टिपा. आधी एका कोपऱ्यात लावून रंग जातो का ते पाहा बरं का! शेवटी साध्या पाण्यानं टिपून गालिचा दोन्ही बाजूंनी वाळवा. पावसाळ्यात खाली पाट सरकवून पंखा लावा.

वाळलेला डाग दमट हवेत पुन्हा वास मारतो. कारण लघवीतले युरिक ॲसिडचे खडे साध्या पाण्यात सहज विरघळत नाहीत. त्यासाठी एन्झाइमचा द्रव मिळतो, पण लोकरीला चालतो असं बाटलीवर लिहिलं असेल तरच घ्या. काही एन्झाइम लोकरही खातात. सगळा गालिचा धुवायचा झाल्यास लोकरीला रिठ्याचं पाणी उत्तम. धुण्याचा सोडा आणि ब्लीचिंग पावडर लोकर खराब करतात.

केस आणि पिसवा

रबरी हातमोजा ओला करून गालिच्यावरून एकाच दिशेनं फिरवा, केसांच्या गुंडाळ्या हातात येतात. त्याहून सोपं म्हणजे जनावराला रोज गॅलरीत नेऊन विंचरायचं. त्याची आवडती जागा ठरलेली असते, तिथं एक जुनी सोलापुरी चादर अंथरा आणि आठवड्याला धुवा.

पिसवांचं गणित मात्र नीट समजून घ्या. पिसू अंडी घालते जनावराच्या अंगावर, पण ती गळतात गालिच्यात. अळ्या लवेच्या बुडाशी अंधारात वाढतात आणि कोषातली पिसू कित्येक महिने वाट पाहू शकते. म्हणून नुसत्या जनावराला औषध लावून भागत नाही. व्हॅक्यूम क्लीनर एक दिवसाआड फिरवा आणि त्यातला कचरा लगेच घराबाहेर टाका. व्हॅक्यूम नसेल तर गच्चीत नेऊन दोन्ही बाजूंनी झोडा आणि कडक ऊन दाखवा.

या तीन वस्तू दूर ठेवा

फिनेलचं तुम्हाला कळलंच. दुसरी, डांबराच्या गोळ्या. गुंडाळून ठेवलेल्या गालिच्यात आपण त्या सर्रास टाकतो, पण मांजराकुत्र्यांना त्या विषारी आहेत. त्याऐवजी गालिचा पूर्ण वाळवून स्वच्छ सुती कापडात गुंडाळा आणि महिन्यातून एकदा उन्हात काढा. तिसरी, कुत्र्याच्या पिसवांचं परमेथ्रिनवालं औषध. ते मांजराच्या जिवावर बेततं. मांजर झोपतं त्या गालिच्यावरही नको. आणि एक. काहीही लावलं तरी गालिचा खडखडीत वाळेपर्यंत जनावराला, रांगत्या बाळालाही, त्यावर जाऊ देऊ नका.

गुंड्या बरा झाला. मंडईत त्याला कुणी सोडलं नाही. उलट आता हेच रोज संध्याकाळी त्याला गॅलरीत विंचरतात. गालिच्याच्या एका कोपऱ्यात फिनेलचा फिकट पट्टा राहिलाय, तो काही जात नाही. पाहुणे विचारतात, "मांजरानं केलं का हो हे?" मी खरं तेच सांगते, "नाही, मी केलं."